मोतीखान आणि बंधाऱ्यातली खिडकी

‘किताब-ए-नौरस’मधल्या एका गीतात कवी स्वतःचंच ध्यान वर्णन करतो. एका हातात वाद्य. दुसऱ्या हातात पोथी. तीत बघून तो नौरसाची, म्हणजे नऊ रसांची, गीतं म्हणतोय. अंगावर केशरी वस्त्र, दात काळे केलेले, नखं लाल रंगवलेली. त्याचा जीव सगळ्यांवर आहे. बाप गणपती, आई सरस्वती. गळ्यात स्फटिकाची माळ. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता सांगावं तसं, राहायला विद्यापूर नावाचं शहर आणि बसायला हत्ती.

विद्यापूर म्हणजे विजापूर. हत्ती म्हणजे राजाचाच हत्ती. हे गीत लिहिणारा दुसरा इब्राहिम आदिलशाह १५८० ते १६२७ अशी सत्तेचाळीस वर्षं विजापूरच्या गादीवर होता. आपण कोण हे सांगताना त्याला पहिल्यांदा आठवलं ते वाद्य. मग पोथी, कपडा, दात, नखं, आईबाप, माळ. राज्याचा नंबर त्यानंतर लागला. आपल्यापैकी कुणाला चार ओळींत ओळख लिहायला सांगा. नाव, हुद्दा, खातं, गाव, आणि तळाशी ‘छंद : गायन-वादन’. या माणसाने तो अर्ज उलटा भरलाय.

पोटापाण्याचं काम एकीकडे आणि गाणं-वाजवणं एकीकडे, असं आयुष्य काढलेली माणसं आपल्याला नवी नाहीत. अरुण दाते कापडउद्योगात अभियंता म्हणून नोकरी करत होते आणि महाराष्ट्र त्यांची भावगीतं गुणगुणत होता. मराठवाड्यात तर दर गावच्या भजनी मंडळात एखादे गुरुजी, एखादा तलाठी, एसटीतला एखादा कंडक्टर सापडतोच. दिवसभर हजेरीपट आणि सातबारा, रात्री मृदंग नाहीतर वीणा. अशा माणसांबद्दल बोलताना आपण एक ठरलेलं वाक्य वापरतो : नोकरी सांभाळून कला जोपासली. त्या वाक्यात नोकरी खरी आणि कला उरल्या वेळातली, हे गृहीत असतं. मला ‘किताब-ए-नौरस’ वाचावीशी वाटते ती त्या गृहीतकापायी. आणि वाचताना नळदुर्गचा बंधारा डोळ्यांपुढून हलत नाही. तो बंधारा याच राजाच्या कारकिर्दीतला, १६१३ सालचा. त्याच्या दगडात एक खिडकी आहे. तिच्याकडे येतोच, पण आधी पुस्तक.

पुस्तक तसं लहानसं. एकोणसाठ गीतं आणि सतरा दोहरे. भाषा दक्खनी, पण पुढच्या काळातल्या दक्खनीसारखी फारसीने भरलेली नाही. संस्कृत आणि ब्रज वळणाचे शब्द तिच्यात जास्त. गीतं रागवार लावलेली आहेत : भूपाळी, रामक्री, भैरव, आसावरी, देसी, तोडी, मल्हार, गौरी, कल्याण, धनाश्री, कानडा, केदार. शिवाय हजीज आणि नौरोज ही परक्या वळणाची नावं. मथळ्यात रागाला फारसी ‘मकाम’ शब्द, खाली मजकूर मात्र शिव, सरस्वती आणि कर्पूरगौर. डॉ. नझीर अहमद यांनी हे पुस्तक संपादून १९५६ साली दिल्लीहून छापलं, म्हणून आज ते आपल्या हाती येतं.

आता ते आत्मचित्र पुन्हा नीट बघू. वाद्य आणि पोथी हे कुणाच्या हातातलं सामान आहे हे शाळेत पाटीपूजन केलेल्या पोराला सांगावं लागत नाही. इब्राहिमने सरस्वतीच्या हातातल्या दोन्ही वस्तू घेऊन आपल्या हातात धरल्या आहेत. देवतेचं ध्यान सांगायची एक ठरलेली रीत असते : आयुधं, वस्त्र, वर्ण, अलंकार, वाहन. रागांची ध्यानंही त्याच रीतीने सांगत. इब्राहिमने त्या साच्यात स्वतःला बसवलंय, आणि म्हणून हत्ती शेवटी येतो. तिथे तो लष्करातला हत्ती नाही, वाहन आहे. जसा गणपतीचा उंदीर. राज्यही असंच देवतेच्या नगरीसारखं मागे रंगवलेलं. हा विनय नाही हे उघड आहे. उलट इतका आगाऊपणा क्वचितच कुणी केला असेल. गणपती बाप आणि सरस्वती आई म्हटल्यावर एखादे पुराणिकबुवा कपाळाला हात लावतील. पण आगाऊपणा कुठला, तर वादकाचा. सुलतानाचा नव्हे. मी पृथ्वीपती, माझ्या तलवारीने अमुक देश जिंकले, असं त्यात काही नाही.

काळ्या दातांकडे आणि लाल नखांकडे मी जरा जास्त वेळ बघतो. आपल्याकडे जुन्या बायका दातवण लावून दात काळे करत, ते सौभाग्याचं लेणं मानलं जाई. दरबारी लोकांत पुरुषही हा शृंगार करत. पण गीतात या दोन तपशिलांची जागा महत्त्वाची आहे. दात गाताना दिसतात, नखं तार छेडताना. वाद्य आणि पोथी सांगून झाल्यावर त्याने शरीराचे नेमके तेच दोन भाग रंगवले जे या कामात पुढे येतात. समोर बसून गाणं ऐकणाऱ्याला जे दिसेल तेवढंच चित्रात आहे. मुकुट दिसत नाही, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही.

आणि ते वाक्य : त्याचा जीव सगळ्यांवर आहे. इथे मात्र मी थांबतो. याच राजाने, आपण लहान असताना आपल्या नावाने कारभार हाकणाऱ्या दिलावरखानाला १५९० साली बाजूला सारलं. पुढे तो परत आला तेव्हा त्याला आंधळं करून कैदेत टाकलं. सख्खा भाऊ इस्माईल याने बेळगावच्या बाजूला बंड केलं, तेही मोडून काढलं. तो त्या काळच्या राजांसारखाच राजा होता, त्याला संत करायचं कारण नाही. गीतातलं प्रेम खोटं आहे असंही मी म्हणणार नाही. ते गीतापुरतं खरं आहे. ध्यानाच्या साच्यात देवता सगळ्यांवर कृपा करते, म्हणून तोही करतो. वाजवायला बसल्यावर माणूस तेवढा वेळ आपल्यापेक्षा बरा होतो. उठला की पुन्हा होता तसा.

भैरवातलं गीत याच्यापेक्षा मला थोर वाटतं, कारण त्यात इब्राहिम जवळजवळ नाहीच. भैरव राग म्हणजे शिव, या जुन्या समजुतीवर ते उभं आहे. कापरासारखा गोरा वर्ण, कपाळी चंद्र, तीन डोळे, जटेत गंगा, अंगावर हत्तीचं कातडं, बसायला नंदी. आरती संपली की आपण कर्पूरगौर म्हणून ज्याला हाक मारतो तोच हा. पण भक्तिगीत आणि हे गीत यांत एक फरक आहे. इथे मागणं नाही. पाव, तार, संकट निवार, काही नाही. नुसतं पाहणं आहे, एकेक अवयव सावकाश लावत जाणं. ध्रुपदात आलाप करताना गवई जसा एकेका स्वराशी थांबत रागाची मूर्ती उभी करतो तशी ही शब्दांची मांडणी आहे. भैरवाचा कोमल ऋषभ आंदोलत जातो तेव्हा जी घाई नसते, ती घाई या ओळींतही नाही. शेवटी नाममुद्रा येते, तुकोबांच्या अभंगात येते तशी. पण तिथेही तो राजा म्हणून येत नाही, गाणारा म्हणून येतो.

इब्राहिमला हल्ली हिंदू-मुस्लिम ऐक्याचा पुतळा करून ठेवलाय. मुसलमान सुलतान असून सरस्वतीला वंदन करतो, केवढं औदार्य! मला यात औदार्यापेक्षा शागिर्दी जास्त दिसते. ज्याने ध्रुपद शिकायचं मनावर घेतलं त्याला रागाचं ध्यान शिकावंच लागे, आणि ज्याला ध्यान आलं त्याला शिव-सरस्वती आलेच. ते त्या विद्येचं मुळाक्षर होतं. पुस्तकात गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज गेसूदराजही आहेत, पैगंबरांची स्तुतीही आहे. त्याने काही सोडून काही धरलं नाही. जे गाण्यात येत होतं ते सगळं घेतलं. ‘जगद्गुरू’ म्हणून त्याला ओळखत, पण त्यालाही गुरू होता. बख्तरखान कलावंत. या गवयाला त्याने आपली पुतणी दिली होती आणि गाण्यात, ध्रुपदात त्याला उस्ताद मानलं होतं, हे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. तो बख्तरखान पुढे फकिराच्या वेशात जहांगीरकडे पोचला होता. सुलतान जगाचा गुरू आणि बख्तरखानाचा चेला. घरचा जावई आणि गाण्यातला उस्ताद एकच, म्हणजे सणावारी पाया कुणी कुणाच्या पडायचं हा पेचच.

त्याच्या नादाची एक साक्ष शत्रुपक्षाकडून मिळते, म्हणून ती जास्त विश्वासाची. १६०३-०४ मध्ये अकबराचा वकील असदबेग कझवीनी विजापूरला आला. काम नाजूक होतं : इब्राहिमची मुलगी अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल याला द्यायची ठरली होती आणि विजापूरकर चालढकल करत होते. मुघल दारात उभे, अहमदनगर १६०० सालीच पडलेलं. अशा वेळी वकील बोलतोय आणि सुलतान गाण्यात इतका बुडालेला की त्याला धड उत्तरही देता येत नाही, असं असदबेगने लिहिलंय. मग सुलतानाने विचारलं ते काय? तानसेन अकबरापुढे उभं राहून गात असे की बसून? तानसेन तेव्हा हयातही नव्हता.

हा प्रश्न वेडपट वाटतो, पण कलावंताच्या डोळ्यांनी बघा. बादशहापुढे बसायचं की उभं राहायचं हा दरबारात मानाचा प्रश्न. गाणाऱ्याच्या बाजूने तो आवाजाचा, दमाचा, मांडीवर वाद्य ठेवता येण्या-न येण्याचा प्रश्न. तुमच्या बादशहाला गाणं किती कळतं, हे इब्राहिमने एका वाक्यात विचारून घेतलं. दरबारात उभ्याने, रात्रीच्या बैठकीला आणि सणासमारंभाला बसून, असं उत्तर त्याला मिळालं. आणि हे सगळं ज्या बोलण्यात झालं ते बोलणं सोयरिकीचं, म्हणजे शुद्ध राजकारणाचं होतं. (याच वकिलाने विजापुरात पहिल्यांदा तंबाखू पाहिली आणि नक्षीदार चिलमीसकट ती अकबराला नेऊन दिली. त्या वकिलातीतून तानसेनाचा प्रश्न कुणाच्या लक्षात राहिला नाही, तंबाखू मात्र राहिली.)

इब्राहिमच्या वाद्याचं नाव मोतीखान. तंबूर, लाकडी भोपळा, लांब दांडी, बोटांनी छेडायच्या तारा. गिटार ज्या घराण्यातली त्याच घराण्यातला हा दूरचा भाऊ. गीतांतून मोतीखानाचा उल्लेख एखाद्या माणसाचा यावा तसा येतो. नुसतं ‘मोती’ म्हणून भागलं असतं. लाडकी घोडी, लाडका कुत्रा यांना अशी नावं असतातच. पण खान ही दरबारात द्यायची पदवी होती. ज्याला ती मिळे त्याला मान असे, मुजरा असे, दरबारात जागा ठरलेली असे. म्हणजे सुलतानाने आपल्या तंबुऱ्याला सरदारांच्या यादीत चढवलं. त्याच्या हत्तीचं नाव आतशखान होतं, तेही याच थाटातलं, आणि तोही गीतांत येतो. कामाच्या जगातले किताब उचलून त्याने आपल्या आवडीच्या वस्तूंना वाटून टाकले. एका दोहऱ्यात तर तो म्हणतो की या जगात आपल्याला दोनच गोष्टी हव्यात, एक तंबूर आणि दुसरी देखणी स्त्री. खऱ्या सरदारांना हे ऐकून काय वाटलं असेल?

मोतीखान वाजवणारा इब्राहिम आपल्याला दिसतोसुद्धा. फर्रुखबेग नावाच्या चित्रकाराने काढलेलं त्याचं चित्र प्रागच्या नाप्रस्तेक संग्रहालयात आहे. ते जहांगीरच्या चित्रसंग्रहातून फिरत फिरत तिकडे गेलेलं. त्यावरच्या फारसी मजकुरात हिजरी १०१९, म्हणजे १६१०-११ हे साल आहे, आणि हा विजापूरचा आदिलखान दक्खनी संगीतात त्या विद्येच्या जाणकारांच्याही पुढे आहे असा शेरा आहे. मुघल त्याला शाह म्हणत नसत, आदिलखान म्हणत. राजा म्हणून एक पायरी खाली उतरवलेला माणूस वादक म्हणून मात्र त्यांनी वर चढवला. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातल्या चित्रात तर तो उभा आहे आणि हातात चिपळ्यांसारखं वाजवायचं वाद्य आहे. राजाच्या चित्रात हातात तलवार हवी, बाज पक्षी हवा, निदान गुलाबाचं फूल हवं. इथे चिपळ्या. आपल्याकडच्या कीर्तनकारांच्या फोटोंत तो सहज खपून जाईल.

आता तक्रार. ‘किताब-ए-नौरस’ नुसती कविता म्हणून वाचली तर बरीच गीतं तुम्हाला अडखळवतील. उपमा ठरलेल्या : चंद्र, कमळ, मोती. विरहाची गीतं तर एका पठडीतली. हे कवितांचं पुस्तक नाही, बंदिशींचं आहे, आणि बंदिशीचे शब्द कागदावर कोरडेच दिसतात. कोणत्याही घराण्याच्या चिजांची वही उघडून बघा. या गीतांची चाल लिहून ठेवलेली नाही. रागाचं नाव आहे, पण चारशे वर्षांपूर्वीचा तो कानडा आज आपण गातो तो कानडा असेलच असं नाही. आपण रसग्रहण करतोय ते अर्ध्या वस्तूचं. तरी त्या उरलेल्या अर्ध्यातही एक गोष्ट कळते. कवी शब्दांना जागा सोडतो. ओळी भरगच्च नाहीत, अक्षरं मोकळी, स्वरान्त शब्द पुष्कळ. जिथे तान जायची तिथे अर्थाची गर्दी केलेली नाही. लिहिणारा वाजवणारा होता, हे लिहिण्यात दिसतं.

त्या काळच्या लोकांनाही हे पुस्तक वाचायचं कमी आणि मिरवायचं जास्त वाटलं असावं. जुहूरी या फारसी कवीने त्याला भारदस्त गद्य प्रस्तावना लिहिली. सुलेखनकार खलीलुल्लाह याने त्याची प्रत सुरेख अक्षरात लिहून आणली तेव्हा सुलतानाने त्याला ‘पादशाह-ए-कलम’, लेखणीचा बादशहा, असा किताब दिला आणि क्षणभर आपल्या सिंहासनावर बसवलं, अशी नोंद आहे. पुन्हा तेच. सिंहासन ही कामाची वस्तू; ती उचलून त्याने कलेच्या कामाला लावली.

आणि इथे नळदुर्ग येतं.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, तुळजापूर तालुक्यातलं हे गाव. बोरी नदीच्या वळणावरचा किल्ला इब्राहिमच्या आधीपासूनचा. त्याचा चुलता पहिला अली आदिलशाह याने दगडी तटबंदी चढवली. १५८० साली चुलत्याचा खून झाला आणि नऊ वर्षांचं पोर गादीवर आलं. कारभार चुलती चाँदबिबीकडे. पोराच्या राज्यावर पहिलं मोठं संकट आलं ते इथेच. निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी मिळून नळदुर्गला वेढा घातला. किल्ला पडला नाही. वेढा घालणाऱ्यांतला गोवळकोंड्याचा तरुण सुलतान मुहम्मद कुली हाही दक्खनीत कविता करणारा. पुढे त्याचीच बहीण इब्राहिमची राणी झाली. नौरसच्या गीतांत जी चाँद सुलताना येते ती हीच. म्हणजे नळदुर्गच्या तटाखाली समोरासमोर असलेली दोन घराणी काही वर्षांत सोयरी झाली आणि दोघांकडची गाणी एका भाषेत राहिली.

मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये बोरीवर बंधारा आहे. १६१३ साली, हिजरी १०२२ मध्ये, तो मीर इमादीन या स्थापत्यकाराने बांधल्याचं फारसी शिलालेखात आहे. बंधाऱ्याचं काम सरळ होतं : पाणी अडवायचं, किल्ल्याला पुरवायचं, शत्रूला नदीच्या बाजूने येऊ द्यायचं नाही, दोन्ही किल्ले जोडायचे. चारही कामं कोरडी, लष्करी. पण भिंतीच्या पोटातून जिना खाली उतरतो. अंधारात, ओल्या दगडावर हात टेकत उतरायचं आणि मध्ये एक दालन लागतं. कोरीव कमानी, नक्षी, आणि पाण्याच्या बाजूला उघडणारी खिडकी. पावसाळ्यात बंधारा भरला की पाणी माथ्यावरून दोन वाटांनी खाली कोसळतं, नर आणि मादी म्हणतात त्यांना. तुम्ही भिंतीच्या आत कोरडे बसलेले असता आणि समोरून पाण्याचा पडदा खाली जात असतो. याला पाणीमहाल म्हणतात.

त्या पाण्याच्या आवाजात षड्ज ऐकू येतो वगैरे मी म्हणणार नाही. पाऊस चांगला झाला तर तिथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मैफलीला ती जागा नालायक आहे. इब्राहिम तिथे मोतीखान घेऊन बसला होता असंही मी म्हणत नाही. मला त्या खिडकीची जागा महत्त्वाची वाटते. आधी बंधारा बांधला, मग किल्ल्यात वर कुठेतरी हवामहाल काढला, असं झालेलं नाही. बसून पाणी बघायची हौस धरणाच्या भिंतीत, भाराच्या जागी, दगडांच्या पोटात कोरलेली आहे. खिडकी बुजवा, बंधारा लंगडा होणार नाही. पण खिडकी बाहेर काढता मात्र येणार नाही. ज्या दरबारात तंबुऱ्याला खान म्हणत आणि वकिलाला तानसेनाबद्दल विचारत, त्या दरबाराच्या अभियंत्यालाच धरणात असं दालन सुचतं. श्रेय मीर इमादीनचं. पण खर्चाला मंजुरी देणाऱ्याने या खोलीची गरज काय असं विचारलं नाही, हेही काही कमी नाही. आजचा कुठलाही कार्यकारी अभियंता हे वाचून उसासा टाकेल.

किल्ल्यात एक नवबुरूजही आहे, नऊ पाकळ्यांचा. नौरस आणि नवबुरूज अशी जोडी लावायचा मोह होतो. लावू नये. नऊ हा आकडा दख्खनमध्ये कुणाच्याही मालकीचा नाही.

अर्थात सगळी कामं अशी निभावली नाहीत. १५९९ साली त्याने विजापूरच्या पश्चिमेला नौरसपूर नावाचं नवं शहर वसवायला घेतलं. तिथे गवयांच्या वस्त्या, हुजुरी, दरबारी, शहरी अशा त्यांच्या तीन प्रती, नौरस महाल, नौरसाचे उत्सव. नाण्यांवर नौरस, मोहोरेवर नौरस. बंधाऱ्यात खिडकी होती. इथे नुसतीच खिडकी झाली, भिंत नाही. शहराचा तट पुरा झाला नव्हता. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मुघल आणि विजापूरकर दोघांचा एकदम पराभव करून निजामशाहीचा मलिक अंबर थेट विजापूरवर आला आणि त्याने नौरसपूर लुटून जाळलं. आज तिथे पडक्या भिंती आहेत. नळदुर्गचा बंधारा मात्र चारशे पावसाळे अंगावर घेऊन उभा आहे. तरी इब्राहिमच्या खात्यावर नुसतं नौरसपूर मांडू नये. १६१९ साली त्याने बिदर राज्याला जोडलं, मुघलांना आयुष्यभर थोपवून धरलं, आणि फिरिश्तासारखा इतिहासकार त्याच्या पदरी राहून दख्खनचा इतिहास लिहू शकला. दुर्लक्ष करणाऱ्या राजाची ही कारकीर्द नव्हे.

नळदुर्गला आणखी एक असा माणूस येऊन गेला. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला तेव्हा कर्नल मेडोज टेलर इथे अधिकारी म्हणून आला. दिवसा महसूल, रस्ते, न्यायनिवाडे. आणि बाकी वेळात कादंबऱ्या. त्याने चाँदबिबीवर ‘अ नोबल क्वीन’ लिहिली, आणि तिच्यात नळदुर्ग आहे. लोकांना हे माहीत असतं. कमी जणांना माहीत असतं की पुढे १८६५ साली याच टेलरने डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीसाठी भारतीय वाद्यांची वर्णनवार यादी तयार केली. तारांच्या वाद्यांबद्दल लिहिणारा दुसरा सरकारी माणूस नळदुर्गने असा पाहिला. पण टेलर आणि इब्राहिम यांच्यात मोठं अंतर आहे. टेलर वाद्याचं वर्णन करतो, कान आणि डोळे उघडे ठेवून, प्रामाणिकपणे. इब्राहिमला वर्णन करायचंच नसतं. वाद्य हातात आहे हे तो सांगतो आणि गायला लागतो.

नळदुर्गचं आजचं तारवाद्य म्हणजे तुणतुणं. पौष पौर्णिमेला इथे खंडोबाची यात्रा भरते. देव एकच, वर्षातले काही महिने अणदूरला आणि काही नळदुर्गला. वाघ्या एका तारेवर सूर धरतो, मुरळी नाचते, दिमडी वाजते. तिथून तुळजापूर जवळच, तिथे गोंधळी संबळाच्या जोडीला तेच तुणतुणं घेऊन उभे. यातले पुष्कळ जण बाकी वर्षभर शेतात किंवा मजुरीला असतात. त्यांच्या गाण्यातही देवाचं असंच ध्यान सांगतात : घोडा, भंडारा, खड्ग, कपाळाचा मळवट. भैरवातलं ते शिवाचं गीत त्यांच्या कानाला परकं वाटायचं कारण नाही. खंडोबाला मार्तंडभैरव म्हणतातच. एखाद्या भजनी मंडळाने ते बसवून बघावं. राग दिलेला आहे, शब्द छापलेले आहेत, आणि अर्धे तर न सांगता कळतात. चाल नवी लावायला इब्राहिमची हरकत असायचं कारण दिसत नाही. मृदंग चालेल, तुणतुणंही चालेल. पेटी मात्र नको, भैरवाचा ऋषभ तिच्यात हलत नाही. आणि गाणाऱ्यांना बसायला सतरंजी घालावी, तानसेनाच्या चौकशीला तेवढं उत्तर पुरे.